छाटणीबाई

तिला सगळे छाटणीबाई म्हणतात हे चर्चमधल्या शेंबड्या पोरांनासुद्धा ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते तिला एकटीला. असली नावं धन्याच्या कानावर सगळ्यांत शेवटी पडतात. तिच्या कानावर पडलं तेव्हा तिला त्रेपन्नावं लागलं होतं, आणि तोवर ते नाव तिनं पुरतं कमावलेलं होतं.

शहराबाहेरच्या रस्त्याला एक मोठी नर्सरी होती. एकोणिसाव्या वर्षी ती तिथे पिशव्यांत माती भरायला लागली आणि पाच वर्षांत कलमांच्या टेबलाशी जाऊन बसली. गुलाबाचा डोळा भरावा तर तिनंच. रानगुलाबाच्या खुंटावर चाकूनं बारीक चीर द्यायची, साल अलगद उचलायची, चांगल्या जातीचा डोळा आत सरकवायचा आणि वरून पट्टी गुंडाळायची. शंभरातले नव्वद डोळे तिच्या हातचे जगायचे. हे तिला शिकवलं तिथल्या म्हाताऱ्या माळ्यानं. म्हातारा देवाच्या वाटेला कधी गेला नाही, पण झाडाशी कधी खोटं बोलला नाही.

घरी ती आणि तिची धाकटी बहीण, दोघीच. आई गेली तेव्हा धाकटी आठ वर्षांची होती आणि ही वीस. वडील त्याआधीच घर सोडून गेले होते. कुठे, ते कुणी विचारलं नाही. धाकटीची वेणी, धाकटीचे दात, धाकटीचे पाढे, सगळं हिनंच केलं. लग्नाचं विचारायला एक-दोघं आले. "आधी हिचं होऊ दे" म्हणून तिनं त्यांना दारातूनच परत पाठवलं. मग कुणी आलं नाही.

तिची श्रद्धा मात्र खरी होती, हे आधीच सांगून ठेवायला हवं. सोंग नव्हतं. पहाटे उठून गुडघे टेकायची, शास्त्र वाचायची आणि दिवसभर मातीत हात घालून वाचलेलं घोळवत राहायची. माती आणि शास्त्र तिला एकच पुस्तक वाटायचं. रविवारी उपासना संपली की चर्चमागच्या खोलीत ती बायका-मुलींचा वर्ग घ्यायची आणि दर वेळी नर्सरीतून एखादी कुंडी घेऊन यायची. कुंडीत मुळं गोल गोल गुंडाळलेलं झाड उपटून दाखवायची आणि म्हणायची, "बघा, स्वतःभोवतीच फिरत राहिलं की असं होतं. वरून हिरवं, आतून गळफास." बायका माना डोलवायच्या. पाळकसाहेबांच्या प्रवचनात डुलक्या काढणाऱ्यासुद्धा तिच्या वर्गात जाग्या असायच्या.

पण सगळ्यांत रंगायची ती छाटणीवर. ख्रिस्त वेल, आपण फांद्या. जी फांदी फळ देत नाही ती काढून टाकली जाते. हे सांगताना पिशवीतलं सिकेटर, छाटणीची कात्री, बाहेर यायची आणि खटकन एक फांदी खाली पडायची. "दुखतं," ती म्हणायची, "पण माया म्हणजे गोंजारणं नव्हे. माया म्हणजे वेळेवर कात्री." मग वर्गातल्या कुणाची तरी जीभ सैल सुटलेली असायची, कुणाचा मुलगा उपासना चुकवून खेळायला जायचा, कुणाच्या घरात भांड्याला भांडं लागत असायचं. बाई नाव घेत नसे, पण फांदी कुणाची ते सगळ्यांना कळायचं. दुसऱ्याच्या बागेतलं तण तिला लांबूनही दिसायचं.

धाकटी वर्गात तिसऱ्या खुर्चीवर बसायची. चोविसाची झाली होती, कापडदुकानात शिवणकाम करायची आणि चर्चमध्ये गायची. गळा असा होता की म्हातारी माणसं तिच्यासाठी पुढच्या बाकावर येऊन बसायची.

एका संध्याकाळी भांडी घासताना धाकटीनं नळ बंद केला आणि पाठ न वळवता म्हणाली, "ताई, मला दिवस गेलेत."

ताई ताटं पुसत होती. हातातलं ताट पुसून झालं, तरी ती तेच पुसत राहिली.

"कोण?"

"तो इथे नाहीये आता. येणार म्हणतो. मला वाटत नाही येईल." धाकटी वळली. "ताई, मी कुणालाच सांगितलं नाहीये. तुलाच सांगतेय. तू काहीतरी कर ना."

लहानपणी गुडघा फोडून घेतल्यावर म्हणायची, अगदी तसंच म्हणाली ती. त्या क्षणी ताईनं फक्त तिला जवळ घेतलं असतं, तर ही गोष्ट सांगायची वेळच आली नसती. पण ताईच्या मनात पहिला विचार आला तो लोकांचा. तिच्याच घरात, तिच्याच डोळ्यांदेखत! दुसरा विचार आला की आपल्याच फांदीला सूट दिली तर उद्या वर्गात कुठल्या तोंडानं उभं राहायचं? आणि या दुसऱ्या विचाराला तिनं देवाची इच्छा असं नाव दिलं.

ती पाळकसाहेबांकडे गेली. पाळकसाहेब मऊ स्वभावाचे, म्हणाले, "बाई, घरातलं घरात राहू द्या. मी तिच्याशी बोलतो. आत्ता तिला आधार हवा."

"तुम्ही सगळ्यांना आधारच देत बसता," ती म्हणाली, "म्हणून मंडळी अशी वाटेल तशी पसरलीय."

पुढच्या रविवारी तिनं नर्सरीतून गुलाब आणला. कलमाच्या सांध्याखालून, रानखुंटातून, एक फुटवा वर आला होता. लांब, सरळ, पोपटी, मूळ गुलाबापेक्षा जोमदार. तिनं कुंडी टेबलावर ठेवली.

"हा फुटवा बघा," ती म्हणाली. "किती टवटवीत! कुणालाही वाटेल, वा, काय झाड धरलंय. पण हा गुलाब नाही. हा खालच्या रानखुंटाचा. कलम केलं, खत घातलं, पाणी घातलं, तरी आतलं रान कधीतरी डोकं वर काढतंच. आणि हा वाढला की वरचं सगळं पोसलेलं मरतं." ती थांबली. "आपल्या घरातला असला, आपल्या रक्ताचा असला, तरी काढावा लागतो."

हे म्हणताना तिनं तिसऱ्या खुर्चीकडे पाहिलं. पाहायचं नाही असं ठरवून आली होती, पण पाहिलं. खोलीतल्या अठरा बायकांनी तिच्या नजरेमागे आपली नजर नेली. कुणाची नजर धाकटीच्या चेहऱ्यावर थांबली, कुणाची पोटावर. सिकेटर खटकन वाजलं.

धाकटी उठली. खुर्ची मागे सरकवली, ती पुन्हा नीट रांगेत लावली आणि बाहेर गेली. रडली नाही, दारही आपटलं नाही. ताई घरी आली तेव्हा धाकटीचे कपडे, शिवणाची पेटी आणि आईचा फोटो गेलेला होता. चिठ्ठी नव्हती.

दुसऱ्या दिवशी नर्सरीत ती म्हाताऱ्या माळ्याला सगळं सांगून बसली. कुणीतरी बरोबर केलंस म्हणावं, एवढीच अपेक्षा होती. म्हातारा चाकूला धार लावत होता. ऐकून घेतलं आणि म्हणाला, "पोरी, खुंटाला तू पाप म्हणालीस?"

"दाखला दिला, काका."

"खुंटावर तर सगळं उभं असतं. तुझा गुलाब, तुझा वर्ग, सगळं." त्यानं अंगठ्यावर धार पाहिली. "आणि भर उन्हाळ्यात तहानलेल्या झाडाला कात्री लावतं का कुणी? झाड तुझ्याकडे पाणी मागत होतं."

"तुम्हांला शास्त्र कळत नाही, काका."

"नाही कळत," म्हातारा म्हणाला आणि पुढचा खुंट हातात घेतला. तीन वर्षांनी तो गेला. मधल्या काळात त्यानं हा विषय पुन्हा काढला नाही, तिनंही नाही.

सतरा वर्षं गेली. तिनं धाकटीला एक ओळ लिहिली नाही. छाटलेली फांदी वाट बघून, पस्तावून परत येईल, अशी तिची धारणा होती. आपण जायचं म्हणजे छाटणी वाया घालवणं. धाकटीला मुलगी झाली आणि तो माणूस आलाच नाही, हे उडत उडत कानावर आलं. त्या रात्री जेवली नाही ती, एवढंच. दुसऱ्या दिवशी डोळे भरायला बसली तर दहातले चार फुकट गेले. वर्ग मात्र चालू राहिला. अठराच्या बारा झाल्या, बाराच्या नऊ. लोकांची भक्ती आटत चालली आहे, असं ती म्हणायची.

मग रखवालदाराच्या मुलीचं झालं. चर्चचा रखवालदार आवारातल्याच दोन खोल्यांत राहायचा. त्याची मुलगी एकोणीस वर्षांची, वर्गात कधी चुकायची नाही, वचनं तोंडपाठ. एका दुपारी तिनं घरातल्या होत्या नव्हत्या तेवढ्या गोळ्या एकदम घेतल्या. आई बाजारातून लवकर परतली म्हणून पोर वाचली. कुणा मुलानं शब्द दिला होता आणि फिरवला होता.

बाई फळं घेऊन इस्पितळात गेली. मुलगी झोपली होती. बाहेर लाकडी बाकावर तिची आई बसली होती, हातात मुलीची चप्पल तशीच धरून.

"अगं, माझ्याकडे यायचं तिनं," बाई म्हणाली. "दर रविवारी समोर बसते. एक शब्द बोलायचा होता."

रखवालदाराच्या बायकोनं मान वर केली. दोन दिवस झोप नव्हती, नाहीतर ती असं बोलली नसती. "तिच्या मैत्रिणीनं तेच सांगितलं होतं तिला. बाईंशी बोल म्हणाली. तर ही म्हणाली, छाटणीबाईंशी? त्यापेक्षा मेलेलं बरं."

"कोण छाटणीबाई?"

त्या बिचारीनं चप्पल या हातातून त्या हातात केली. समोरून नर्स गेली, औषधांची गाडी गेली. उत्तर आलं नाही, आणि त्यातच आलं.

बाईनं फळांची पिशवी बाकावर ठेवली आणि चालत घरी गेली. बस आठवलीच नाही.

त्या आठवड्यात वर्गासाठी ठरलेला भाग अंजिराच्या झाडाचा होता. क्रम पाळकांनी लावून दिलेला. नवे पाळक आले होते आता. धनी येतो, तीन वर्षं फळ नाही म्हणून झाड तोडायला सांगतो, आणि माळी म्हणतो, हे एक वर्ष राहू द्या, मी भोवती खणतो, खत घालतो. तिनं हे शंभरदा वाचलं असेल. पण पहाटे दिव्याखाली बसल्यावर तिला प्रथमच दिसलं की तीस वर्षांत तिनं हा दाखला वर्गात एकदाही घेतलेला नाही. दर वेळी काही ना काही कारणानं वगळलेला. आणि यात कुऱ्हाडीची गोष्ट धनी बोलतो. माळी मध्ये पडतो. हात जोडून मुदत मागतो आणि स्वतः गुडघ्यावर बसून खणायची तयारी दाखवतो. तीस वर्षं ती माळ्याच्या नावानं कात्री चालवत होती, आणि शास्त्रातल्या माळ्याच्या हातात होतं खुरपं.

शिवाय दुसरं. वेलाच्या दाखल्यात माळी पिता आहे. बाकी सगळे फांद्याच. फांदीनं फांदीला कापायचं, असं कुठेही लिहिलेलं नव्हतं. ते तिनं स्वतःच्या अक्षरात लिहून घेतलं होतं.

रविवारी ती रिकाम्या हातानं वर्गात उभी राहिली आणि सरळ सांगितलं. सतरा वर्षांपूर्वी याच खोलीत काय केलं, कुणाचं गुपित होतं, कुणाकडे पाहिलं. "ते देवासाठी नव्हतं. माझी अब्रू वाचवायला मी तिची दिली," ती म्हणाली आणि खाली बसली.

खोलीत कुणी खोकलं. मग एक वयस्क बाई पुढे आली, हिचे दोन्ही हात धरले आणि म्हणाली, "किती नम्रता ही! आम्हांला तुमच्यासारखं कधी जमणार?" दुसरीनं डोळे पुसले. नव्या पाळकांनी तर संध्याकाळी घरीच येऊन सांगितलं, ही साक्ष मोठ्या उपासनेत द्या, मंडळीला उभारी येईल. तिनं एवढी घाण उघडी करून दाखवली आणि लोकांनी तिचाही हारच गळ्यात घातला. ती पाळकांना "नाही" म्हणाली आणि वर्ग सोडला.

मग ती जुन्या पाळकसाहेबांकडे गेली. ते निवृत्त होऊन मुलाकडे राहत होते, कानांनी अधू झाले होते. धाकटीचा पत्ता आहे का, तिनं दोनदा ओरडून विचारलं. त्यांनी टेबलाच्या खणातून वही काढली. धाकटीनं तिकडच्या चर्चसाठी सभासदत्वाचं पत्र मागवलं होतं, तेव्हाचा पत्ता.

"तुम्ही उद्या विचाराल, परवा विचाराल म्हणून ठेवला होता," पाळकसाहेब म्हणाले. "नंतर ठेवलाय हेही विसरलो. सतरा वर्षं झाली ना हो बाई."

चार तासांचा बसचा प्रवास. तिसऱ्या मजल्यावरचं दार एका मुलीनं उघडलं. सोळाएक वर्षांची, गळ्यात शिंप्याची टेप. हनुवटी थेट आईची, म्हणजे या दोघींच्या आईची.

"कोण पाहिजे?"

"मी... तुझी मावशी, बाळ."

मुलीनं नीट पाहून घेतलं. उद्धटपणा नव्हता, नवल होतं. "मला मावशी नाहीये," ती म्हणाली. मग आत हाक मारली, "आई, कुणीतरी आलंय."

धाकटी बाहेर आली. केस पांढरे व्हायला लागले होते, चष्मा लागला होता. मग धाकटीनं मुलीला खालच्या दुकानातून दोऱ्याची रिळं आणायला पाठवलं आणि खुर्ची पुढे केली. स्वतः शिवणयंत्राला टेकून उभीच राहिली.

ताईनं वाटेत सगळं पाठ केलं होतं. त्यातलं निम्मं आठवलं नाही. शेवटी एवढंच म्हणाली, "मी चुकले गं. तू पाणी मागितलंस आणि मी कात्री घेतली."

"अजून दाखलेच का, ताई?"

ताईनं मान खाली घातली. "तू मला सांगितलंस. विश्वासानं. मी ते सगळ्यांना दाखवलं. मला माफ कर."

धाकटी थोडा वेळ यंत्राचं चाक हातानं पुढे-मागे करत राहिली. "माफ केव्हाच केलंय," ती म्हणाली. "ही दोन वर्षांची होती तेव्हा. तुझ्यासाठी नाही केलं. रोज प्रार्थनेत ते एक वाक्य यायचं ना, आम्ही जशी क्षमा करतो तशी. तिथे येऊन माझी जीभ अडायची. वर्षभर अडली. लेकरू कुशीत आणि मला प्रार्थना पुरी करता येईना. मग एक दिवस म्हटलं, जा, केलं माफ. तेव्हापासून अडत नाही."

ताईला रडू फुटलं. ती उठून पुढे झाली तसा धाकटीनं हात आडवा केला. जोरात नाही. तापलेल्या इस्त्रीपासून लेकराला दूर ठेवावं तसा.

"नको, ताई. माफ करणं वेगळं आणि घरात घेणं वेगळं. त्या खोलीतून मी बाहेर पडले तेव्हा मला वाटलं होतं, तू मागे येशील. जिना उतरेपर्यंत वाटत होतं. स्टेशनवर दोन गाड्या सोडल्या मी." तिचा आवाज चढला नाही. "मी गात नाही आता. चर्चमध्ये बसते मागच्या बाकावर, पण तोंडच उघडत नाही. लोकांनी मान वळवली की मला अजून ती खोली दिसते. याला तू काय करणार?"

ताई परत खुर्चीवर बसली.

"चहा टाकते," धाकटी म्हणाली. "चहा घे आणि जा. ही पोर यायच्या आत गेलीस तर बरं. तिला मी काय सांगायचं ते माझं मी बघेन."

चहा चांगला झाला होता. साखर बरोबर होती; एवढं धाकटीच्या लक्षात होतं. उतरताना जिन्यात मुलगी भेटली, हातात रिळं. तिनं बाजूला होऊन वाट दिली.

त्यानंतर बाई बारा वर्षं जगली. नर्सरीतून निवृत्त झाली, रोज सकाळी चर्चच्या आवारात खुरपत बसायची. रखवालदाराची मुलगी बरी होऊन कामाला लागली होती. एकदा ती येऊन शेजारच्या पायरीवर बसली. बाईनं सरकून जागा करून दिली. पोर बऱ्याच वेळानं बोलायला लागली आणि मग थांबेचना. बाईनं शेवटपर्यंत ऐकलं, एकही दाखला दिला नाही. नंतर आणखी दोघी-तिघी यायला लागल्या. "बाई हल्ली फारसं बोलत नाहीत, म्हणून बरं वाटतं," असं त्या एकमेकींत म्हणायच्या. हे मात्र बाईच्या कानावर लगेच आलं. तिनं ते ऐकून घेतलं. जे शिकायला सतरा वर्षं लागली त्याचा उपयोग परक्यांच्या लेकींना होत होता. जिच्यावाचून ते शिकता आलं नसतं त्या धाकटीला त्यातलं काही पोचलं नव्हतं. देवाचा हिशोब असाच असतो, असं कुणी तिला सांगायला गेलं असतं तर तिनं त्याला उठवून लावलं असतं.

ती धाकटीला दर महिन्याला एक पत्र लिहायची. वचनं नाहीत, उपदेश नाही. आज काय लावलं, पाठ कशी दुखते, शेजारीण कशी पडली. पहिली पाच वर्षं काहीच आलं नाही. सहाव्या वर्षी एक कार्ड आलं. धाकटीचं अक्षर, दोन वाक्यं: "पत्रं मिळतात. उत्तराची वाट पाहू नकोस."

बाईनं ते दोनदा वाचलं. मग चष्मा तसाच डोळ्यांवर ठेवून कागद पुढे ओढला आणि त्या महिन्याचं पत्र लिहायला घेतलं.